पंधरा दिवसांची पितृत्व रजा: बापाला किती पुरते आणि शेजारच्या टेबलावर किती पडते

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झालं की १५ दिवसांची भरपगारी रजा मिळते. हे परीक्षण त्या रजेचं आहे: काय मिळतं, कोणाला मिळतं, घेताना कुठे अडकतं आणि तिचा भार कोण उचलतं. शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या रजेबद्दल कार्यालयात ऐकू येणारी तक्रार बहुतेकदा मूल नसलेल्या सहकाऱ्यांची असते, आणि ‘जळतात’ म्हणून ती उडवून लावली जाते. हा अन्याय आहे. त्या तक्रारीतला एक भाग हिशेबाला बसला की टिकत नाही, पण दुसरा भाग पूर्ण खरा आहे आणि त्यावर उपायही आहेत.

नियम काय देतो

केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधला नियम ४३-अ. पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९७ मध्ये ही रजा सुरू झाली. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला, अगदी शिकाऊ उमेदवारालासुद्धा, पत्नीच्या बाळंतपणासाठी १५ दिवस मिळतात. बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून ते बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. पगार रजेवर जाण्यापूर्वी होता तेवढाच. रजेच्या खात्यातून एक दिवसही वजा होत नाही. इतर नियमित रजेला ती जोडता येते. मुदतीत घेतली नाही तर बुडते. आणि नियमाखालच्या टिपेत एक ओळ आहे: ही रजा सहसा कोणत्याही परिस्थितीत नाकारू नये.

सरकारी रजांच्या पुस्तकात इतका सुटसुटीत नियम विरळाच. अर्ज फॉर्म १ मध्ये करायचा किंवा जिथे ई-एचआरएमएस ही कर्मचाऱ्यांच्या नोंदींची ऑनलाइन प्रणाली चालू आहे तिथे त्यावरून. बाळंतपणाआधी जायचं असेल तर डॉक्टरांनी अपेक्षित तारीख लिहून दिलेला कागद, नंतर जायचं असेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड किंवा जन्माचा दाखला जोडला की सहसा कोणी अडवत नाही.

उणिवा आहेत आणि त्या कडांवर आहेत. दत्तक घेणाऱ्या बापाला नियम ४३-अअ खाली १५ दिवस मिळतात, पण मूल एक वर्षाच्या आतलं असेल तरच. तीन वर्षांचं मूल घरी आणणाऱ्याला काहीच नाही. खरं तर बोलत्या-चालत्या मुलाला नव्या घराची सवय होण्यासाठी बापाची गरज जास्त असते. जून २०२४ च्या दुरुस्तीने सरोगसीतून बाप होणाऱ्यालाही १५ दिवस मिळाले, हे चांगलं झालं. सगळ्यांत मोठी पोकळी दुःखाच्या बाजूला आहे. मूल मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर महिला कर्मचाऱ्याला सप्टेंबर २०२२ पासून ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा आहे. गर्भपातासाठी तिला संपूर्ण सेवेत ४५ दिवस आहेत. त्याच घरातल्या पुरुषासाठी या प्रसंगांत अशी वेगळी रजा नाही. दवाखान्यात धावायचं, अंत्यविधी करायचा, बायकोला सावरायचं, हे सगळं त्याने स्वतःच्या खात्यात साठलेल्या अर्जित रजेतून करायचं.

दिवस कसे मोजायचे

हे १५ दिवस कॅलेंडरचे आहेत. मधले शनिवार, रविवार आणि सण त्यातच धरले जातात, पण रजेच्या आधी आणि नंतर लागून येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेता येतात. म्हणून सुरुवातीचा वार महत्त्वाचा. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात मंगळवारी रजा सुरू केली तर ती दोन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी संपते आणि घरी एकूण १५ दिवस मिळतात. सोमवारी सुरू केली तर आधीचे शनिवार-रविवार जोडले जातात आणि १७ दिवस होतात. शुक्रवारी सुरू केली तर शेवट शुक्रवारी होतो आणि पुढचे शनिवार-रविवार मिळतात. तेही १७. तिन्ही प्रकारांत कामाचे दिवस मात्र ११ च जातात. हा ११ चा आकडा लक्षात ठेवा, सहकाऱ्यांच्या हिशेबात तो पुन्हा लागणार आहे.

बाळंतपणाआधीच रजा सुरू करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. डॉक्टरांची तारीख हा अंदाज असतो. पहिलटकरणीच्या बाबतीत तर ती हमखास मागेपुढे होते. आठवडा आधी घरी बसलेल्या माणसाचे दिवस वाट पाहण्यात जातात आणि बाळ घरी येतं तेव्हा तो कामावर हजर झालेला असतो. बाळाच्या आईला सक्तीची विश्रांती सांगितली असेल किंवा आधीचं लहान मूल सांभाळायचं असेल तरच आधीचे दिवस वापरावेत.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत असते. पहिलं बाळंतपण माहेरी. बायको लातूरला, नवरा पुण्यात. १५ ही दिवस दवाखाना, बारसं आणि येण्याजाण्यात संपवले तर सासरच्या घरात दोन वेळा जेवून बाळ बघण्यापलीकडे बापाच्या हातून फारसं काही घडत नाही, कारण तिथे आजी, मावशी, मालीशवाली बाई सगळे हजर असतात. खरी तारांबळ उडते ती सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, आई आणि बाळ स्वतःच्या घरी परतल्यावर. रात्री दर दोन तासांनी उठायला तेव्हा तिथे दोघंच असतात. सहा महिन्यांची मुदत नेमकी याच वेळी कामाला येते. बाळंतपणाच्या दिवसांसाठी दोन-तीन किरकोळ रजा घ्याव्यात, कामावर परतावं आणि आई-बाळ घरी येण्याच्या आदल्या दिवसापासून पितृत्व रजा लावावी. किरकोळ रजा नियमित रजेला जोडता येत नाही, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये कामावर हजेरी लागायलाच हवी. हे न कळल्यामुळे सलग अर्ज केले जातात आणि आस्थापना शाखेतून परत येतात. जास्त दिवस हवे असतील तर पितृत्व रजेला अर्जित रजा जोडावी.

मुदत मोजतानाही सावध राहा. १० जानेवारीला मूल झालं असेल तर रजा ९ जुलैच्या आत सुरूही व्हावी आणि संपावीही, अशीच आखणी करा. ‘सुरू तर मुदतीत केली होती’ असा वाद घालत बसण्यात कोणाचंच भलं नाही. नियमात या १५ दिवसांचे दोन तुकडे करण्याची सोय लिहिलेली नाही, म्हणून तारीख एकदाच पण विचार करून ठरवावी लागते. परतल्यावर सेवापुस्तक बघा. पितृत्व रजेची नोंद झाली आहे का, आणि ती अर्जित रजेतून चुकून वजा तर झालेली नाही ना, दोन्ही तपासा.

आता सहकाऱ्यांचा हिशेब

मूल नसलेल्यांच्या तक्रारीचा पहिला भाग असा: मुलं असणाऱ्यांना रजा जास्त, आम्हाला कमी. हा भाग कागदावर मांडून पाहू. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, ती जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला १५-१५ अशी जमा होते. २० दिवस अर्धवेतनी, ८ किरकोळ आणि २ वैकल्पिक सुट्ट्या. हे सगळं दोन पोरांच्या बापाला आणि मूल नसलेल्या माणसाला सारखंच. ३० वर्षांच्या नोकरीत दोघांच्याही खात्यात अर्जित रजेचे ९०० दिवस पडतात. बापाला त्यावर संपूर्ण नोकरीत जास्तीत जास्त दोनदा १५, म्हणजे ३० दिवस, आणि त्यातले कामाचे २२. तीस वर्षांत बावीस दिवस! एवढ्यावर कोणाचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही.

मग ही भावना येते कुठून? आमचं मत असं की लोकांच्या डोळ्यांसमोर बालसंगोपन रजा असते आणि राग निघतो पितृत्व रजेवर. बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत ७३० दिवस आहे, सर्वांत मोठ्या दोन हयात अपत्यांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. अपंग मुलासाठी वयाची अट नाही. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. ती महिलांना आहे आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही. बायको असलेल्या बापाला त्यातला एकही दिवस मिळत नाही. तिला प्रसूतीचे १८० आणि संगोपनाचे ७३०, त्याला १५. मूल दोघांचं असताना कार्यालयातली गैरहजेरी जवळजवळ पूर्णपणे आईच्या नावावर मांडण्याची ही व्यवस्था आहे, आणि मग ‘बायकांना सेक्शनमध्ये नको’ असं म्हणायला वरिष्ठ मोकळे होतात. बापाची रजा वाढली तर एकाच टेबलावर पडणारी लांब पोकळी दोन वेगवेगळ्या कार्यालयांत विभागली जाईल. मूल नसलेल्या सहकाऱ्याचाही त्यात फायदाच आहे.

तक्रारीचा दुसरा भाग मात्र खरा आहे. रजा खात्यातून जात नाही, पण काम कोणाच्या तरी टेबलावर जातं. चार जणांच्या शाखेतला एक गेला की ११ दिवसांचं काम तिघांत वाटलं जातं, माणशी जवळपास पावणेचार दिवस. दोघांच्या शाखेत मात्र पूर्ण ११ दिवस एकाच्या डोक्यावर. वरचं एखादं पद आधीच रिकामं असेल तर याहून जास्त. या जास्तीच्या कामाचे पैसे मिळत नाहीत. मूलभूत नियम ४९ खाली दुसऱ्या पदाचा पूर्ण अतिरिक्त कार्यभार सांभाळल्याबद्दल जादा वेतन आहे खरं, पण पंधरवड्याच्या कार्यभाराला ते लागू होत नाही. म्हणजे बापाची रजा भरपगारी आणि शेजाऱ्याचं काम बिनमोबदला.

त्याहून बोचणारी गोष्ट नियमांच्या भाषेत आहे. नियम ७ सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही, सेवेच्या निकडीमुळे ती नाकारता किंवा रद्द करता येते. हा नियम अर्जित रजेला पूर्णपणे लागू पडतो. पितृत्व रजेला मात्र ‘नाकारू नये’ या टिपेचं कवच आहे. दोन अर्ज एकाच पंधरवड्यात आले की कोणाचा अर्ज कापला जाणार हे आधीच ठरलेलं असतं. मूल नसलेल्या माणसाने चार महिन्यांपूर्वी ठरवलेली रजा पुढे ढकलली जाते, आणि वर ऐकावं लागतं, ‘तुला काय, पोरंबाळं थोडीच आहेत, नंतर जा.’ दिवाळीत आणि मे महिन्यातही हेच. ज्यांना मूल हवं होतं आणि झालं नाही, त्यांच्यासाठी हे वाक्य किती लागणारं आहे याचा विचार बोलणारे करत नाहीत.

आणि त्या माणसालाही घर असतंच. आईचं डायलिसिस असेल, वडिलांना लकवा असेल, एकटी राहणारी आत्या असेल. २४ जुलै २०२५ रोजी राज्यसभेत कार्मिक राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी उत्तर दिलं होतं की ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ किरकोळ आणि २ वैकल्पिक सुट्ट्या कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात, वृद्ध आईवडिलांची काळजी घेण्यासाठीसुद्धा. उत्तर नियमाप्रमाणे बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा की नवजात बाळासाठीची रजा खात्याबाहेरून मिळते आणि म्हाताऱ्या आईसाठीची स्वतःच्या खात्यातून. विषमता शोधायची असेल तर ती इथे आहे. तिच्यावर उपाय आईवडिलांच्या, भावंडांच्या काळजीसाठी वेगळी रजा हा आहे. बापाचे १५ दिवस काढून घेतल्याने आजारी आईच्या उशाशी कोणाला एक दिवसही जास्त बसता येणार नाही.

बाहेर काय चालतं

ब्रिटनमध्ये कायद्याने पितृत्व रजा दोन आठवडेच आहे. ६ एप्रिल २०२४ पासून तिचे एक-एक आठवड्याचे दोन तुकडे करता येतात, मूल वर्षाचं होईपर्यंत कधीही, २८ दिवस आधी कळवून. ही लवचीकता आपल्या नियमात यायला हवी. पगाराच्या बाबतीत मात्र आपलं केंद्र सरकार खूपच उदार ठरतं: तिथे २०२५-२६ मध्ये आठवड्याला १८७.१८ पौंड किंवा सरासरी कमाईच्या ९० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. आम्हाला शिकण्यासारखी वाटते ती भरपाईची सोय. मालक ही रक्कम देतो आणि सरकारकडून तिचा ९२ टक्के भाग परत मिळवतो. लहान मालकाला २०२५-२६ मध्ये १०८.५ टक्के मिळत होते, म्हणजे दिल्यापेक्षा थोडे जास्तच. त्याच एप्रिल २०२४ मध्ये तिथे आणखी एक हक्क आला. दीर्घकाळ आजारी किंवा अपंग आप्ताची काळजी घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवडा रजा. ती बिनपगारी आहे, पण मूल असण्याची अट नाही.

स्वीडनने हा विचार आणखी पुढे नेला आहे. १९७४ मध्ये तिथे मातृत्व विम्याच्या जागी आईबाप दोघांचा पालकत्व विमा आला. आज एका मुलामागे ४८० दिवस आहेत आणि त्यातले ९०-९० प्रत्येक पालकासाठी राखीव. बापाने त्याचे ९० घेतले नाहीत तर ते आईला देता येत नाहीत, बुडतात. बाप घरी राहू लागले ते या राखीव दिवसांमुळे. पण मूल नसलेल्यांसाठी महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. गंभीर आजारी आप्ताजवळ राहण्यासाठी एका रुग्णामागे १०० दिवसांपर्यंत विम्यातून भत्ता मिळतो. आप्त म्हणजे आई, भाऊ, जवळचा मित्र, शेजारीसुद्धा. पैसा मालकाच्या खिशातून न जाता सामाजिक विम्यातून जातो, म्हणून कोणाला मूल आहे आणि कोणाला आजारी आई, यावर नोकरी देणाऱ्याचं नफानुकसान ठरत नाही.

खासगी नोकरीत

इथे परीक्षण करायला फारसं काही हाती लागत नाही, कारण कायदाच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, बापाचा उल्लेख नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, असंघटित क्षेत्रातल्या बापांनाही धरून. त्याचा कायदा झाला नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या एका खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर एका पोलीस निरीक्षकाचं प्रकरण आलं. त्याची मंजूर झालेली रजा रद्द केली होती. न्यायालयाने तेव्हा स्वतंत्र कायद्याची गरज बोलून दाखवली.

बाकी सगळं कंपनीच्या मर्जीवर. झोमॅटोने जून २०१९ मध्ये आईबाप दोघांनाही २६ आठवडे जाहीर केले. दुसऱ्या टोकाला आठवडाभरही न देणाऱ्या कंपन्या आहेत. नोकरी स्वीकारताना धोरणाचा कागद मागून घ्या आणि वाचताना हे बघा: दिवस कामाचे की कॅलेंडरचे, प्रोबेशनवर असलेल्याला मिळते का, किती दिवसांत घ्यावी लागते, तुकडे करता येतात का, दत्तक मुलाला वयाची अट आहे का. सगळ्यांत लपलेली गोष्ट म्हणजे बोनसचा हिशेब. रजेच्या दिवसांसाठी उद्दिष्ट कमी केलं जात नसेल, तर भरपगारी रजा वर्षअखेरीस स्वतःच्याच पैशांतून घेतल्यासारखी होते. उद्दिष्ट कमी केलं पण तेच उरलेल्या टीमवर चढवलं, तर ती सहकाऱ्यांच्या पैशांतून होते. कंपनीने एकूण टीमचं उद्दिष्ट उतरवलं आहे का, हा प्रश्न मूल असणाऱ्यांनी आणि नसणाऱ्यांनी मिळून विचारायला हवा.

सरकारी कार्यालयांतल्या कंत्राटी माणसांबद्दल दोन शब्द. एजन्सीमार्फत आलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरला नियम ४३-अ लागू नाही. साहेब पितृत्व रजेवर गेला की त्याचं अर्धं काम याच्याकडे येतं, आणि याच्या घरी मूल झालं की दुसऱ्या दिवशी तो हजर, नाहीतर दिवसाचा पगार कापला. मूल असणारे विरुद्ध मूल नसणारे या भांडणात हा माणूस कोणाच्याच लक्षात येत नाही.

बिघडतं कुठे आणि दुरुस्त कसं करायचं

पितृत्व रजेचा एक मोठा गुण असा की ती अचानक येत नाही. घरात सातवा महिना लागतो तेव्हा कार्यालयाच्या हातात अजून निदान दोन महिने असतात. अपघात, आजारपण, मृत्यू यांपैकी कशातच एवढी पूर्वसूचना मिळत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी कार्यभार शेवटच्या संध्याकाळी तोंडी दिला जातो.

विराट कोहली २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून पत्नीच्या बाळंतपणासाठी ॲडलेड कसोटीनंतर परतला. ती रजा क्रिकेट मंडळाने नोव्हेंबरमध्येच जाहीर केली होती. ३६ धावांत संघ बाद झाल्यावर पुढचं ओझं अजिंक्य रहाणेवर आलं, पण जबाबदारी आपल्यावर येणार हे त्याला माहीत होतं. मेलबर्नला त्याने शतक काढलं आणि मालिका २-१ अशी जिंकली. त्याच वेळी सुनील गावसकरांनी आपल्या स्तंभात त्याच दौऱ्यातल्या नटराजन या गोलंदाजाची आठवण करून दिली होती. आयपीएल चालू असताना त्याला मुलगी झाली आणि त्याला दुबईहून थेट ऑस्ट्रेलियाला नेलं होतं, बाळाचं तोंड न बघता. आधी ठरलेली बदली आणि सगळ्यांना एकच नियम, या दोन्ही गोष्टी त्या एका दौऱ्यात पाहायला मिळतात, एक पाळलेली आणि एक मोडलेली.

रजेवर जाणाऱ्याने किमान तीन आठवडे आधी लेखी कळवावं, संभाव्य तारखांसह, आणि लिंक ऑफिसरचं, म्हणजे रजेच्या काळात काम बघणाऱ्या सहकाऱ्याचं, नाव शाखाधिकाऱ्याच्या सहीने ठरवून घ्यावं. सोबत एक पानाची टिप्पणी द्यावी: चालू फाइलींचे क्रमांक, प्रत्येकीची पुढची पायरी आणि शेवटची तारीख, न्यायालयीन प्रकरणं, संसदेचे प्रश्न, महिनाअखेरची बिलं. माहिती अधिकाराचे अर्ज वेगळे काढा. त्यांना ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे रजेच्या पहिल्या दिवशी आलेला अर्ज कोणी उघडलाच नाही तर निम्मी मुदत गेली. उशिराबद्दल दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड माहिती अधिकाऱ्याला वैयक्तिक भरावा लागतो. ते काम ज्याच्याकडे येणार आहे त्याला हे आधी माहीत असणं त्याचा हक्क आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा टोकन ड्रॉवरमध्ये ठेवून पिन चिठ्ठीवर लिहून जाऊ नका. पुढे काही निघालं तर सही तुमची आणि हात सहकाऱ्याचा, दोघेही अडकता. ई-ऑफिसमध्ये कार्यभार रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून घ्या. बँकेच्या शाखेत तिजोरीच्या संयुक्त ताब्यातली किल्ली रजिस्टरवर सही होऊनच हलली पाहिजे. दोन-तीन माणसांच्या ग्रामीण शाखेत तर शेजारच्या शाखेतून डेप्युटेशनवर माणूस आधीच मागवावा लागतो, नाहीतर उरलेल्या माणसाला त्या पंधरवड्यात आजारी पडण्याचीही सोय राहत नाही.

मूल नसलेल्या सहकाऱ्याने काय करावं? वर्षाच्या सुरुवातीलाच मोठ्या रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्यावर आवक क्रमांक घ्यावा. नाकारली तर कारण लेखी मागावं, ‘निकड’ एवढाच शब्द चालवून घेऊ नये. सोयीसाठी तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार अधिकाऱ्याला बदलता येत नाही, त्यासाठी तुमची लेखी विनंती लागते. हे नियम ७ मध्येच लिहिलेलं आहे. जादा कार्यभार तोंडी घेऊ नका. आदेश असेल तर वार्षिक मूल्यमापनाच्या अहवालात तो दाखवता येतो. त्या कामाचे पैसे नाहीत, निदान नोंद तरी हवी.

गुण द्यायचे तर बापासाठी पाचपैकी साडेतीन. पूर्ण पगार, खात्यातून वजा नाही, नाकारण्याची भीती नाही, सहा महिन्यांची मुदत, हे सगळं उत्तम. दिवस कमी, तुकडे नाहीत, मोठं दत्तक मूल आणि मृत जन्म यांकडे दुर्लक्ष, म्हणून दीड वजा. शेजारच्या टेबलासाठी पाचपैकी एक, आणि तोही फक्त पूर्वसूचना मिळते म्हणून. हे गुण वाढवायला नियम ४३-अ ला हातही लावावा लागत नाही. शाखाधिकाऱ्याच्या पातळीवर रजेचा एक तक्ता पुरतो, ज्यात दिवाळी आणि मे महिना दरवर्षी आळीपाळीने वाटलेले असतील आणि ज्याची रजा कोणाच्या पितृत्व रजेमुळे पुढे गेली त्याला पुढच्या वेळी पहिली निवड मिळेल. आधीच तिकिटं काढलेल्या किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या माणसाची रजा मात्र या कारणाने हलवूच नये. त्या दिवसांसाठी दुसऱ्या शाखेतून माणूस मागण्याचं पत्र शाखाधिकाऱ्याने अर्ज आल्या दिवशीच पाठवावं.